साधं की पॉवर?

सूर्यमाळला पोचलेला दुचाकीस्वार आधी दरीकडे बघत नाही, इंजिनाकडे बघतो. कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत वळणं घेत घेत तो वर आलेला असतो. आल्या आल्या गाडी स्टँडला लावायची, हेल्मेट आरशाला अडकवायचं आणि खाली वाकून सिलिंडरजवळ तळहात न्यायचा, हा क्रम ठरलेला. मग मागे बसून आलेल्या मित्राला तो गंभीरपणे सांगतो, "तापलीय." अठराशे फुटांच्या आसपासची उंची, थंड हवेचं ठिकाण, अंगावरून ढग चाललेले, मित्राचे दात वाजतायत. पण पालघर जिल्ह्यात कुठेतरी काहीतरी तापलेलं आहे या बातमीनं दोघांचेही चेहरे उतरतात.

काळजी वाटली की समिती बसते. पावसाळ्यातल्या रविवारी तिथं सदस्यांची वाण नसते. मुंबई, ठाणे, नाशिक, सगळीकडच्या नंबरप्लेटा हजर असतात. एक म्हणतो, ऑइल कमी असेल. दुसरा म्हणतो, या कंपनीच्या गाड्या तापतातच. (त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची असते.) तिसरा बराच वेळ गप्प असतो, कारण त्याला निकाल द्यायचा असतो. तो विचारतो,

"पेट्रोल कुठलं टाकलंस?"

"साधं."

"मग?"

या 'मग'पुढे अपील नाही. साध्या पेट्रोलनं गाडी तापते आणि 'पॉवर'नं थंड राहते, हा मराठी माणसाचा पक्का समज आहे. गंमत म्हणजे त्याच पंपावर नेमका उलटा समजही भरून मिळतो: पॉवर पेट्रोल 'गरम' असतं, रोज मानवत नाही, महिन्यातून एकदा टाकावं, आतून साफ होतं. आंबा गरम, पपई गरम, ताक थंड, सब्जा थंड अशी साऱ्या सृष्टीची वाटणी करून ठेवलेल्या समाजानं पेट्रोलला तेवढं मोकळं सोडलं असतं तरच नवल.

आधी तापण्याचं बघू. जुन्या पिढीकडे इंजिनाचं तापमान बघायला थर्मामीटर नव्हता, थुंकी होती. बोट ओलं करून सिलिंडरच्या पट्ट्यांना लावायचं. चुर्र झालं तर तापलं. पद्धत अस्वच्छ असली तरी अशास्त्रीय नाही. चुर्र झालं म्हणजे धातू शंभर अंशांच्या वर. पण थेंब चुर्र न होता गोळी होऊन घरंगळायला, नाचायला लागला, तर धातू दोनशेच्या घरात गेलेला असतो. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला धातूला टेकूच देत नाही. योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं १७५६ साली यावर लिहून ठेवलं आणि त्या प्रकाराला त्याचं नाव मिळालं. सूर्यमाळच्या मोखाडा तालुक्यात नागलीची भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून बघणाऱ्या बायकांना नाव मिळालं नाही, भाकरी मात्र व्यवस्थित मिळाली.

हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनाचं डोकं, म्हणजे प्लग बसतो तो भाग, चालताना दीडशे-दोनशे अंशांना असणं हे त्याच्या प्रकृतीला धरूनच आहे. आतलं ऑइल शंभरच्या आसपास असतं आणि ते तसं असावंच, नाही तर त्यात साठलेलं पाणी उडून जाणार कधी? तेव्हा हात भाजला म्हणजे इंजिन बिघडलं असं होत नाही. हात भाजला म्हणजे हात इंजिनाला लावला, एवढंच सिद्ध होतं.

खरी चकित व्हायची गोष्ट निराळी आहे. आत पेटणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जातं, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते शुद्ध रूपात ६६० अंशांना वितळतं. तीन हजार फेऱ्यांनी चालणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात हा जाळ सेकंदाला पंचवीस वेळा होतो. हिशेबानं पिस्टन कसारा सोडायच्या आतच पातळ व्हायला हवा. तो होत नाही याची कारणं तीन. जाळ अगदी थोडा वेळ टिकतो. बाहेरच्या पट्ट्या आणि आतलं ऑइल उष्णता सतत वाहून नेतात. आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक अतिशय पातळ, तुलनेनं थंड थर असतो, तो मधे उभा राहतो. हा थर लक्षात ठेवायचा. पुढे सगळी भानगड त्याच्यावरच येते.

पैशातच सांगायचं तर शंभर रुपयांच्या पेट्रोलातले पंचवीसेक रुपये चाक फिरवायला जातात. उरलेले पंचाहत्तर रुपये मोखाडा तालुक्याची हवा गरम करण्यात खर्च होतात. "ॲव्हरेज किती देते?" असा प्रश्न गाडी बघितल्या बघितल्या विचारणारा समाज या पंचाहत्तर रुपयांबद्दल कधी बोलत नाही, हे त्याच्या सहनशीलतेचं लक्षण म्हणायचं.

आता ऑक्टेन. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. दाबलं की तापतं. ठिणगी पडेपर्यंत त्यानं कळ काढावी आणि पडल्यावर एका बाजूनं शिस्तीत पेटत जावं, ही अपेक्षा. पण कधी कधी ज्योत तिकडे पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं कासावीस होतं आणि आपलं आपणच भडकतं. जव्हारच्या स्टँडात एसटी शिरली आहे, लोकांनी दारातून एकेक करून उतरायचं आहे, आणि मागच्या बाकावरचे चौघे खिडकीतून उड्या टाकतात, तसं. मग आत दाबाच्या लाटा आपटतात आणि बाहेर टिणटिण ऐकू येतं. मेकॅनिक म्हणतो, "नॉकिंग करतेय."

ऑक्टेन हा फक्त त्या कळ काढण्याचा आकडा आहे. त्यात ताकद नाही, थंडावा नाही, सफाईही नाही. ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं १९२६ च्या सुमारास ही मोजपट्टी तयार केली. अत्यंत सोशिक असं आयसोऑक्टेन म्हणजे शंभर, अत्यंत उतावीळ असं हेप्टेन म्हणजे शून्य. हे शुद्ध हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या पाइन झाडाच्या डिंकातून मिळायचं. आज पेट्रोलचा नंबर काढतात तोही एका सिलिंडरच्या इंजिनावर. ते मिनिटाला सहाशे फेऱ्या घेतं आणि आत जाणारी हवा ५२ अंशांना धरलेली असते. दुसऱ्या परीक्षेत फेऱ्या नऊशे करतात आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवतात. तेच पेट्रोल, तीच प्रयोगशाळा, पण या दुसऱ्या परीक्षेत मार्क कमी पडतात. उन्हाळ्यात परीक्षा ठेवल्याचा हा परिणाम पालकांना नव्यानं सांगायला नको.

यात सूर्यमाळच्या समितीच्या उपयोगाचा मुद्दा एवढाच की इंजिन तापलं तर ऑक्टेनची गरज वाढते. उलट, ऑक्टेन वाढवलं म्हणून इंजिन थंड होत नाही. नॉकिंग होतच नसेल तर ९१ टाका, ९५ टाका, तापमानात बघण्यासारखा फरक नाही. मात्र नॉकिंग होत असेल तर दाबाच्या त्या लाटा धातूला चिकटलेला तो पातळ थर खरवडून काढतात, जाळ सरळ पिस्टनला भिडतो, इंजिन आणखी तापतं, म्हणून आणखी नॉकिंग होतं. एवढ्या एका प्रसंगात तिसऱ्या सदस्याचं म्हणणं खरं ठरतं. पण त्याला हे सांगू नये. तो बाकीच्या सगळ्या प्रसंगांत ते वापरेल.

चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर मिळण्याची परंपरा या विषयात मोठी आहे. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर नॉकिंगवर औषध शोधत होता. गुरुशिष्यांना वाटलं, बर्फातून फुलणाऱ्या एका रानवेलीची पानं लाल असतात, लाल रंग उष्णता शोषत असणार, तेव्हा पेट्रोलही लाल करून बघावं. तो १९१६ चा डिसेंबर. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन ओतलं. नॉकिंग थांबलं! दोघं खूश. मग खरे लाल रंग आणून एकामागून एक ओतले, आणि इंजिन पूर्ववत टिणटिणायला लागलं. रंगाचा काही संबंध नव्हता, आयोडीनचा होता. पुढे पाच वर्षं असंख्य पदार्थ ओतून ९ डिसेंबर १९२१ ला मिजलीला टेट्राएथिल लेड सापडलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं, म्हणून विकताना नाव ठेवलं नुसतं 'एथिल'. १९२४ साली पत्रकारांपुढे ते हुंगून त्यानं निर्धोक असल्याचं दाखवलं, आणि त्याआधी शिशाच्या विषबाधेवर त्यानं स्वतः विश्रांती घेतली होती हे सांगायचं राहून गेलं. भारतभर शिसेविरहित पेट्रोल यायला १ फेब्रुवारी २००० उजाडावा लागला. याच मिजलीनं नंतर फ्रिजमधला फ्रिऑन वायू शोधला, जो ओझोनच्या थराला भोवला. वातावरणाशी एका माणसाचं एवढं वैर क्वचितच पाहायला मिळतं.

सूर्यमाळच्या चढावर गाडी तापते ती का, याचं उत्तर टाकीत नाही, डाव्या पायात आहे. चढ सुरू झाला की समजूतदार माणूस गिअर उतरवतो. पण समजूतदार माणसाला घरून ॲव्हरेजची ताकीद असते. खालच्या गिअरला पेट्रोल जास्त जातं, हे त्यानं कुठेतरी ऐकलेलं. म्हणून तो चौथ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर पार पिळून, पंचवीसच्या वेगानं, मागे मित्र आणि मित्राच्या पाठीवर सॅक घेऊन चढत राहतो. इंजिन थरथरतं, हँडल थरथरतं, पण निश्चय ढळत नाही. फेऱ्या कमी असल्यामुळे कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायला निवांत वेळ मिळतो, पूर्ण ॲक्सिलरेटरमुळे दाब भरपूर, आणि वेग नसल्यामुळे पट्ट्यांवरून वारा नाही. गाडी तापवायची ही संपूर्ण कृती आहे. त्यात कुठलंही पेट्रोल चालतं.

शिवाय ज्या ऑक्टेनची त्याला गरज वाटते ती गरजच वर चढताना कमी होत असते. अठराशे फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, दाबाला जोर राहत नाही, मिश्रणाचा छळ कमी होतो. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या राज्यांमध्ये पंपावर ८५ नंबरचं पेट्रोल मिळतं. सपाटीवर त्यांच्याच मोजणीनं किमान ८७ चालतं. हवा थंड असली तर गरज आणखी कमी. हवेत बाष्प असलं तर आणखी कमी, कारण पाण्याची वाफ नॉकिंगला आवर घालते. म्हणजे उंच, गार आणि ढगात बुडालेलं ठिकाण हे ऑक्टेनच्या दृष्टीनं जवळजवळ निवृत्तीचं ठिकाण. आणि सह्याद्रीच्या या टोकावर नेमक्या त्याच हवामानात, जुलै-ऑगस्टच्या रविवारी, सगळ्यात महाग पेट्रोल भरलेल्या टाक्या रांगेनं उभ्या असतात.

त्या रांगेत सर्वांत रुबाबदार बुलेट. तिच्या मालकाला पंपावर 'साधं' हा शब्द उच्चारणं जड जातं. पण जुनी ओतीव लोखंडाची साडेतीनशे बुलेट मिश्रण दाबायची साडेसहा पटीनं. एवढ्या सौम्य दाबाला ८० च्या खालचं पेट्रोलही कुरकुर करत नाही. नंतरच्या इंजिनात हा आकडा साडेआठवर गेला. स्प्लेंडर, जिला पाहून बुलेटवाले ओळख देत नाहीत, ९७ सीसीत दहाच्या आसपास दाबते. म्हणजे कागदावर बघितलं तर चांगल्या पेट्रोलचा मान स्प्लेंडरचा आहे, आणि ती बिचारी कसलीही मागणी न करता नवरा, बायको, दोन मुलं आणि पुढे खताची गोणी घेऊन मोखाड्याच्या बाजाराला जाऊन येते. दाब साडेबाराच्या पुढे नेणाऱ्या, पाण्यावर थंड होणाऱ्या नव्या ड्यूकसारख्या गाड्यांची गोष्ट वेगळी. पण कुठल्या गाडीला किती ऑक्टेन हे गाडीसोबतच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूममधून निघालं तसं कोरं असतं.

इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० ला शंभर ऑक्टेनचं 'एक्सपी १००' आणलं. पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होतीच. दिल्लीतला भाव तेव्हा लिटरला १६० रुपये. ज्या गाडीला शंभर लागतं ती भारतात शोधावी लागते, पण शंभर टाकून फोटो काढणारा शोधावा लागत नाही. शंभर ऑक्टेनची जिथं खरी गरज होती ती जागा आकाशात. १९४० साली ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला ८७ ऐवजी शंभरचं पेट्रोल मिळालं, त्यामुळे आत जास्त दाबानं हवा कोंबता आली. योगायोग असा की जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे त्याच महायुद्धाच्या काळात भारतीय हवाई दलात होते. जव्हारच्या जय विलास पॅलेसकडे जाणाऱ्या पर्यटकांना आज गाडीत शंभर नंबरी टाकल्याचा अभिमान वाटत असेल तर त्यांनी तो पॅलेसच्या आवारात जरा बेतानं व्यक्त करावा.

सूर्यमाळच्या रांगेत डिझेलच्या काळ्यापिवळ्या जीपवाल्याला या चर्चेत रस नसतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही; दाबानं आपोआप पेटणं हाच तिथला कारभार. पेट्रोलमध्ये जो दुर्गुण तोच डिझेलमध्ये गुण. त्याची चिंता रेडिएटरची. वर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण झाकणाच्या दाबामुळे आत ते शंभराच्या बरंच पुढेही द्रवच राहतं. घाटात थांबून ते झाकण फिरवलं की सगळं एकदम उकळून चेहऱ्यावर येतं. हे एकदा बघितलेला ड्रायव्हर पुन्हा घाई करत नाही. बॉनेट उघडून विडी पेटवतो.

ज्यांचं बालपण बजाज चेतकच्या पुढच्या फळीवर उभं राहून गेलं त्यांना हे सगळं फारच साधं वाटेल. चेतक आणि लूना दोन्ही १९७२ च्या. एक आकुर्डीची, दुसरी कायनेटिकची, नगरच्या कारखान्यातली. दोन स्ट्रोकचं इंजिन दर फेरीला जाळ करतं, चार स्ट्रोकच्या दुप्पट वेळा, आणि चेतकचं तर झाकणाआड कोंडलेलं. म्हणून बजाजनं फ्लायव्हीललाच पंखा लावला होता. गाडी रांगत असली तरी पंखा इंजिनाच्या वेगानं फिरायचा. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पन्नासाला एक. काही वडील मंडळी प्रेमानं थोडं जास्त घालत. त्यांना कल्पना नसे की ऑइल जेवढं वाढतं तेवढं थेंबामागे पेट्रोल कमी जातं, शिवाय मिश्रणाचं ऑक्टेनही किंचित उतरतं; म्हणजे गाडीची तब्येत राखायला घातलेलं जादा ऑइल तिला तापवायलाच मदत करी. मागून निघणारा धूर बघून मात्र घरातल्यांना आपण कंजुषी केलेली नाही याचं समाधान. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला ॲक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की पेट्रोलबरोबर ऑइलही बंद, पिस्टन कोरडा, आणि घाट संपता संपता इंजिन जाम. लूनाला हे त्रास कमी, कारण तिला पायडल होतं. चढावर मालक स्वतः पायडल मारू लागला की इंजिनाचं तापमान उतरायचं आणि मालकाचं चढायचं.

पण तापमान आणि ऑक्टेन यांचं खरं नातं ज्याला समजलं होतं तो माणूस रविवारी सूर्यमाळला गाडी लावून फोटो काढत नव्हता. तो ओढ्याच्या कडेला पाण्याचा पंप चालवत होता, किंवा लग्नाच्या मांडवामागे जनरेटर. श्रीराम होंडाचे ते छोटे पंप आणि जनरेटर पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि रॉकेलवर चालायचे. टाकीला दोन कप्पे, खाली एक कॉक. रॉकेलचं ऑक्टेन पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून या इंजिनांचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला. पण थंड इंजिनात रॉकेलची वाफच होत नाही; ते तसंच भिंतींना लागतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा आधी पेट्रोलवर इंजिन नीट तापवायचं आणि मगच कॉक फिरवायचा. तापवलं नाही तर चालत नाही, आणि फार तापलं, वर भार जास्त पडला, तर रॉकेल लगेच टिणटिणायला लागतं. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाही तर उद्या सकाळी दोरी ओढून खांदा उतरतो. हे सगळं तो माणूस आवाजावरून आणि वासावरून करायचा. नवरदेव मांडवात असताना कॉक कधी फिरवायचा, हे त्याला ऑक्टेन शब्द ठाऊक नसताना नेमकं ठाऊक होतं. या क्षेत्रातलं सर्वांत अचूक उपकरण म्हणजे त्याचा कान, आणि त्याला जेवणाच्या पंगतीत शेवटची पाळी मिळायची.

रॉकेलचा विषय निघाल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि तिच्यात विनोद नाही. स्वस्त रॉकेल पेट्रोल-डिझेलात मिसळणाऱ्या टोळ्यांनी या राज्यात माणसं मारली आहेत. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळीवर हात घालणाऱ्या अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. पंपावर फिल्टर पेपर मागून त्यावर पेट्रोलचा थेंब टाकून बघायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. कागद फुकट मिळतो, तरी मागणारा दिसत नाही. मागे रांगेतले हॉर्न वाजवतात, हे कारण असेल.

आता सगळ्यात ताजा आरोपी इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात घरोघरी रसायनशास्त्रज्ञ निर्माण झाले. गाडी तापते, ॲव्हरेज पडलं, पाइप कुजले, सगळं इथेनॉलमुळे. सरकारचं म्हणणं, इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या वर, त्यामुळे पूर्वी ९१ असलेलं साधं पेट्रोल आता ९५ वर गेलं. म्हणजे काल ज्याला 'पॉवर' म्हणून जादा पैसे मोजले तो आकडा आज साध्या नळीतून येतो, आणि लोक वैतागलेले आहेत. ॲव्हरेजची तक्रार अगदीच खोटी नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. तापण्याचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, तेव्हा खऱ्या अर्थानं 'थंड' पेट्रोल कुठलं असेल तर हेच. पण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रणावर इंजिन जरा गरम चालतं. एफआयवाली, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, नवी गाडी हे आपलं आपण जुळवून घेते. जुन्या गाडीवाल्याला मेकॅनिककडे जावं लागतं, आणि मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघतो. तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर तापतेय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हे त्याचं निदान सूर्यमाळच्या समितीपेक्षा हजार पटीनं भरवशाचं, पण तो आधी विचारतो, "ऑइल कधी बदललं होतं?" आणि मालक विषय बदलतो.

मोखाड्यात इथेनॉल नवीन नाही. फक्त ते टाकीत जात नव्हतं. मोहाची फुलं आंबवून, भट्टी लावून जे उतरतं त्यातला नशेचा भाग म्हणजे १०८ ऑक्टेनचं तेच रसायन. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं त्याला गुन्हा ठरवलं आणि इंधन धोरणानं देशसेवा. फरक पाण्याचा. पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वर शुद्ध लागतं, भट्टीवरच्या मालात पाणी भरपूर. तो टाकीत ओतून बघायचा मोह कोणाला झालाच तर गाडी चढणार नाही, बाकी कुणाला चढायची ती चढेल.

पाण्याचं हे दुखणं इथल्या पावसात खरंच नडतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पेट्रोलच्या कॅनचं झाकण सैल, कॅन पडवीत, वर आषाढ. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन त्याच्याबरोबर खाली जातं. गवत कापायचं यंत्र किंवा फवारणीचा पंप मे महिन्यात भरून ठेवला आणि भाद्रपदात ओढला तर तो सुरू होत नाही यात कंपनीचा दोष नसतो. छोट्या इंजिनात पेट्रोल साठवून ठेवू नये, संपवून ठेवावं, हे साधं काम. पण अर्धा लिटर पेट्रोल काढून घ्यायचं तर ठेवायचं कशात, असा प्रश्न येतो आणि उत्तर म्हणून पाण्याची रिकामी बाटली येते.

ही बाटली आडगावांत पंपाचंही काम करते. पंप लांब, वाडी आणखी लांब, म्हणून किराणा दुकानाच्या फळीवर बिस्किटांच्या पुड्यांशेजारी पेट्रोलच्या बाटल्या उभ्या दिसतात. उघड्यावर असं पेट्रोल विकणं कायद्यात बसत नाही, बाटलीत बसतं. उन्हात उभं राहून त्यातला हलका अंश उडून गेलेला असतो, रंग उतरलेला असतो. तरी रविवारी टाकी कोरडी पडलेला एखादा ड्यूकवाला तिथं पोचतोच, आणि हेल्मेट न काढता काळजीनं विचारतो,

"दादा, हे किती ऑक्टेनचं आहे?"

दुकानदार बाटली उजेडात धरून बघतो.

"एक लिटरचं," तो म्हणतो. "अर्ध्याचंही आहे."